वर वेटलिफ्टर, खाली पैलवान

११ एप्रिल.
हास्कोवो शहरात उतरलो. निघालो होतो समुद्राकडे, पण स्टँडवरची बनित्सा, म्हणजे चीजची खारी पेस्ट्री, गरम होती; ती खाईपर्यंत बस गेली. समोरच्या इमारतीत खाली वेटलिफ्टिंगचा हॉल, वर कुस्तीचा. दोघांत मिळून एक सहायक हवाय. जिन्याखालची खोली, दोन वेळचं जेवण, उमेदवाराला आजपासूनच. निवड सहा मेला, गेर्ग्योव्हडेन सणाच्या जत्रेत. जागा माझीच.

१२ एप्रिल.
खालच्या कोच वेसेलिनाताई. मनगट माझ्या पोटरीएवढं. त्यांना सांगितलं, मी मूळचा कुस्तीतला. उठून खुर्ची दिली. म्हणाल्या, बाबा रे, आमचं लोखंड निदान उलटून अंगावर येत नाही, तुम्हीच खरे.
वरचे कोच स्तामेनकाका. त्यांना सांगितलं, मी वेटलिफ्टर. काका हळवेच झाले. म्हणाले, आम्ही हरलो की समोरच्याला शिव्या घालतो. लोखंडाला कुठे घालणार? सूप पाजलं. खाली आलो, तिथेही सूप.
यात खोटं काही नाही. मनाने मी दोन्ही आहे. शिवाय ज्याचा खेळ त्यालाच सांगितला की तो लगेच परीक्षा घेतो.

१५ एप्रिल.
संकल्प: उद्यापासून सहाला उठून शंभर बैठका.

१६ एप्रिल, सकाळी साडेदहा.
पाऊस. बैठका रद्द. (हॉलला छप्पर आहे हे जेवताना लक्षात आलं.)

१९ एप्रिल.
खोलीचं दार कानावर आदळलं. कान फुलकोबीसारखा सुजला. खाली सगळे गोळा. पैलवानाचा कान! दिम्चो म्हणून एकशेदहा किलोचा गडी आहे, तो लाजत म्हणाला, दादा, हात लावून बघू? लावू दिला.

२३ एप्रिल.
शेजारच्या बाईंच्या बागेत कांद्याचे वाफे खणले. वीस मिनिटं. तळहाताला फोड. स्तामेनकाकांनी पैलवानांना रांगेत उभं करून माझे हात दाखवले. म्हणाले, बघा रे गाढवांनो, याला प्रॅक्टिस म्हणतात.
बैठका फोड बरे झाल्यावर. (पाय वेगळे असतात, पण शरीर एकच.)

३० एप्रिल.
दोन्ही कोच जिन्यात भेटले की मान लववतात आणि जातात. नऊ वर्षांत बोलणं नाही. भांडण नव्हे, आदर! दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. सगळे निरोप माझ्यामार्फत. माझ्याशिवाय यांचं कसं व्हायचं, काळजी वाटते.

५ मे.
उद्या जत्रा. सबंध दिवस विश्रांती. खेळाडूला ती लागतेच.

६ मे, संध्याकाळी.
मैदानात ढोल, सनई, बक्षिसाचा मेंढा. स्तामेनकाका नऊ वर्षांत पहिल्यांदा ताईंशी बोलले. म्हणाले, तुमचा गडी आज धोंडा उचलणार ना? ताई म्हणाल्या, आमचा? अहो, तो तुमचा पैलवान, आज कुस्ती धरणार! मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.
मी म्हणालो, आधी काय करू ते तुम्हीच ठरवा. यांचं आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही, यात जत्रा संपेल असा अंदाज. दोन मिनिटांत ठरलं.
कुस्ती: समोर साठ किलोचा पोस्टमन. ढोल नीट वाजायच्या आत आभाळ दिसलं. उन्हामुळे.
धोंडा: हलला नाही. कंबर हलली. दिम्चो कुणाला तरी म्हणत होता, आणि मी त्याच्या कानाला हात लावला!

७ मे, सकाळी. बस स्टँड.
ताईंनी मला उचललं, काकांनी बाहेर फेकलं. ज्याचं काम त्याने केलं. कुणी मध्ये ढवळाढवळ केली नाही. इतका परस्पर आदर मी कुठे पाहिला नाही.
दार लावता लावता दोघांच्या गप्पा चालू होत्या. कालपासून थांबलेल्याच नाहीत म्हणे. मी फुटपाथवरूनच ओरडून विचारलं, मग सहायकाचं काय ठरलं?
ताई म्हणाल्या, आता कशाला हवाय? काका म्हणाले, हेच म्हणणार होतो मी.