पाच नंबरचं घर

७ मार्च, गुरुवार
पाच नंबर गेलं! माझ्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर — आणि माझी शार्लीन यादीत दुसरी आली. दुसरी! चार वर्षं पोरगी दर गुरुवारी कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या स्वस्त भाड्याच्या घरांसाठी बोली लावतेय. ह्या बोलीत पैसे नसतात, गरज मोजतात. एका ओल धरलेल्या खोलीत दोन लेकरं, धाकट्याची छाती सारखी घरघरते. तिच्याहून जास्त गरज कुणाची, ते मला बघायचंच आहे.

१६ मार्च
शेजारीण आली. हेस्टर. पन्नाशीची, एकटी — लेकरू ना बाळ! सामान म्हणजे दोन बॅगा. आल्याचा केक घेऊन गेले तर दार साखळीपुरतंच उघडलं. "आभारी आहे. नको." नको? माझा केक आजवर कुणी परत पाठवलेला नाही.

२१ मार्च
दारावर नाव नाही. पत्र टाकायची फट आतून पट्ट्या मारून बंद केलीय. कचऱ्याचा डबा बाहेर काढायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघते. कर नाही त्याला डर कशाला?

२५ मार्च
सापडलं! तिची फट बंद, म्हणून पोस्टमनने तिचं पत्र माझ्याकडे टाकलं. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं — म्हणजे, किटलीच्या वाफेवर धरल्यावर नव्हतं. घराच्या विम्याचं पत्र, जुन्या पत्त्यावरून इकडे वळवलेलं. मालक दोन : क्लाइव्ह आणि हेस्टर. शेफील्डला अख्खं घर, बागेसकट! आणि बाई इथे दुसऱ्याच्या ताटातलं ओढून खातेय.

२६ मार्च
कौन्सिलच्या कचेरीत जाऊन आले. खिडकीतली मुलगी म्हणते, "स्वतःचं घर असलं तरी कौन्सिलचं मिळू शकतं, बाई. असलेल्या घरात राहता येत नसेल तर."
"का? छप्पर उडालंय?"
"दुसऱ्यांचं मला सांगता येत नाही."
सगळे एका माळेचे मणी! छप्पर मीच बघून येते.

२८ मार्च
शेफील्डला जाऊन आले. छप्पर ठणठणीत. गुलाबसुद्धा छाटलेले. आणि नवरा किती गोड माणूस! चहा दिला, बिस्किटं दिली. "बरी आहे ना ती? जेवते ना नीट? तिच्या गोळ्या इथेच राहिल्यात, मॅव्हिस. कुठे आहे तेवढं सांगा, पोचवून येतो." डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या. मी पत्ता कागदावर लिहूनच दिला. नवरा तिला घरी घेऊन गेला की पाच नंबर मोकळं — दोघांचंही भलं.
एक मात्र विचित्र. वर संडासाला गेले, तर झोपायच्या खोलीला कड्या बाहेरून. दोन. घरात माणसं दोनच. बसमध्ये सारखं तेच डोक्यात घोळत होतं.

२९ मार्च
सकाळी उठल्या उठल्या तिला सांगायला हवं होतं. अकरापर्यंत स्वतःची समजूत घालत बसले. साडेअकराला निळी गाडी आली. हातात फुलं. "हेस्टर, चल ना घरी." किती मऊ आवाज! मग लाथा. मग दाराची फळी फुटल्याचा आवाज. मी पोलिसांना फोन केला, माझा मलाच पत्ता आठवेना. त्याला धरून नेलं. भिंतीपलीकडून रडण्याचा आवाजसुद्धा नाही. तेच मला सोसवेना.
दुपारी ती पहिल्यांदाच माझ्या दाराशी आली. ओठ सुजलेला. "तुम्ही होतात म्हणून वाचले." जाता जाता वळली. "त्याला पत्ता कुणी दिला असेल हो?"
"कुणास ठाऊक," मी म्हणाले.
मला माझीच लाज वाटते.

३० मार्च
गेली. त्याच दोन बॅगा. कुठे, ते कुणाला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

१८ एप्रिल, गुरुवार
शार्लीनचा फोन. हसतेय आणि रडतेय. "आई, पहिली आले! पाच नंबर! देवाला काय साकडं घातलंस गं?"