ताईची प्रॉक्सी

४ ऑगस्ट

बेचाळीस पाकिटं चिकटवली. बोटांना अजून गोंद. संस्थेच्या सभेपुढे विषय एकच — अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची खोली बंद करायची का. त्यांना आता यंत्रंच वाचून दाखवतात म्हणे!

सभासद क्रमांक सातचं पाकीट शेवटी घेतलं. ताई. पत्ता तोंडपाठ, तरी वहीत बघून लिहिला. आठ वर्षांत तिला एक ओळ लिहायचा धीर झाला नाही. पण नोटीस प्रत्येक सभासदाला गेलीच पाहिजे, नियमच आहे. नियमाच्या आडून बहिणीला पत्र धाडणारी चिटणीस मीच!

७ ऑगस्ट

तिचं काही नाही.

९ ऑगस्ट

खोलीतली कपाटं पुसली. एक जुनी कॅसेट लावली. ताई वाचत होती. मध्येच खोकली आणि म्हणाली, "एवढं काढून टाक गं." तेव्हा मशीनवर मी बसायचे. काढायचं विसरले होते. बरं झालं. चार वेळा ऐकलं.

मग आठ वर्षांपूर्वीची ती संस्थेची निवडणूक आठवली. ताई अध्यक्षपदाला उभी, हात वर करून मतदान. घरच्या माणसाला मत देणं बरं दिसणार नाही, म्हणून मी समोरच्यासाठी हात वर केला. ताई एका मताने पडली. तिने वळून माझ्या हाताकडे पाहिलं आणि निघून गेली. पुढे चिटणीस झाल्यावर संस्थेची घटना पहिल्या पानापासून वाचली. नात्यातल्याला मत देऊ नये, असं कलम कुठेच नाही. अतिशहाणपणा सगळा माझाच.

१६ ऑगस्ट

अध्यक्षांचा फोन. गणिताचे मास्तर होते, अजून आकड्यांतच असतात. कोरमला चौदा लागतात, ते जमतील का, ही चिंता. ताई येईल का, असं मला विचारायचं होतं. विचारलं काय, तर खुर्च्या किती मांडायच्या!

१९ ऑगस्ट

ताईचं पाकीट! उघडताना फाटलंच थोडं. आत नुसता प्रॉक्सी फॉर्म. चिठ्ठी नाही. 'बाजूने', 'विरोधात' — दोन्ही चौकोन कोरे. 'माझ्या वतीने मत देणार' याच्यापुढे माझं नाव, तिच्या त्याच वळणदार अक्षरात.

मास्तर खूश. म्हणाले, "तुमची आता दोन मतं झाली की!" मला मत नको होतं. प्रॉक्सी धाडली म्हणजे ती येणार नाही. तिचं मत मी कसंही द्यावं, पण तोंड दाखवू नये — ही माया म्हणायची की शिक्षा?

२६ ऑगस्ट

उद्या सभा. फॉर्म पुन्हा काढून बघितला. तळाशी बारीक अक्षरात मीच छापलेली ओळ: 'सभासद स्वतः हजर राहिल्यास हा फॉर्म रद्द समजावा.' कोण वाचतं एवढं!

ताईची फार आठवण येते. उद्या ठरावाविरुद्ध दोन्ही हात वर करीन, एक माझा, एक तिचा. खोली वाचली तरी तिचा आवाज कपाटातच ना!

२७ ऑगस्ट

खोली बंद करायचा ठराव पडला. इतिवृत्तात लिहिलं — सभासद क्रमांक सात स्वतः हजर. प्रॉक्सी रद्द.