कॉलेजची धर्ममाता

२ मार्च

लायब्ररीतलं माझं शनिवारचं टेबल, पैशांविषयी फुकट सल्ला द्यायचं. चार तासांत एकच बाई आली — यादिरा, टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यातली. मुलगी इत्झेल चौदा वर्षांची. म्हटलं, कॉलेजसाठीच्या या बचत खात्यात जमेल तसे पैसे टाक. शिक्षणाला वापरलेस तर वाढीवर कर नाही.

"आणि पोरगी गेलीच नाही कॉलेजला तर? बुडाले!"

"बुडत नाहीत गं. खात्यावरचं नाव बदलता येतं. घरातलं कुणीही शिको."

"आधी हिचा पंधरावा वाढदिवस होऊ दे, आर्डिसबाई. आमच्यात तो लग्नासारखा असतो. सगळं त्यातच चाललंय."

फॉर्म मात्र पर्समध्ये घातला!

९ मार्च

मारिसचा फोन. "आजी, चारही वर्षांची फी माफ!" दोघी किंचाळलो. मग माझ्या नवऱ्याचं, वेंडेलचं, असंच खातं आठवलं. गावोगाव टपाल वाटायचा, दर पगाराला नातीसाठी टाकायचा. तो गेल्यावर माझ्याकडे आलं. तीन वर्षं हात लावला नाही.

२३ मार्च

यादिरांच्यात पंधराव्या वाढदिवसाच्या एकेका गोष्टीचा खर्च एकेकाने उचलायचा, आणि त्याला म्हणायचं धर्ममाता नाहीतर धर्मपिता. केकची धर्ममाता वेगळी, झग्याची वेगळी, बँडचा धर्मपिता तिसराच. मी म्हटलं, मग कॉलेजची का नको?

तिचा नवरा रामिरो हसला. "फोटोत काय दाखवायचं? फॉर्म?"

"हो! फ्रेम करून!"

६ एप्रिल

यादिराने खातं उघडलं. धर्ममाता व्हायला कुणी तयार नाही. यादिराची मावशी म्हणे, "झगा दिसतो. कॉलेज कुठे दिसतं?"

१८ मे

नाचून पाय सुजलेत! आधी लिहून टाकते.

माइकवरून नावं पुकारली. केक — टाळ्या. झगा — टाळ्या. कॉलेज — कुणीच पुढे येईना. मी एकटीच उठले. यादिराची मान खाली. आणि मग खुर्ची करकरली — मावशी! "एवढी म्हातारी उभी राहते, मी काय बसून राहू?" तिच्यामागून कारखान्यातल्या अकरा जणी. अकरा! फोटोत मावेनात. रामिरो ओरडतोय, "जवळ सरका, प्राध्यापकीणबाई!"

वेंडेल असता तर शिट्टी मारली असती.

इत्झेलने विचारलं, "तुम्ही कुठल्या कॉलेजात होता?"

"कुठल्याच नाही. शाळा संपली, लग्न झालं. बाकी सगळं लायब्ररीतलं."

यादिराने माझ्याकडे रोखून पाहिलं. "नातीचं ते खातं पडूनच आहे, तुम्हीच सांगितलंत ना? घरातलं कुणीही शिको, म्हणालात. तुम्ही घरातल्या नाही?"



२१ मे

फॉर्म टाकला. मारिसच्या जागी नवं नाव. तिच्याशी नातं — आजी. ऑगस्टपासून इतिहास, मंगळवारी सकाळी नऊ.

वेंडेलची टपालाची पिशवी धुऊन वाळत घातलीय. वह्या मावतात.