फिटरसाठी नांगरलेलं मैदान

आबा, पोरानं पुण्यात तळमजल्यावर घर घेतलंय. काल फोनवर सांगताना त्याचा आवाज लहानपणी शाळेतून बक्षीस आणल्यावर व्हायचा तसा झाला होता. वर्षभर तो मला तिकडे न्यायला बघतोय आणि मी आपली म्हणते, बाबा, तुझे ते तीन जिने आणि माझा हा गुडघा, कसं जमायचं? काल म्हणाला, "आई, आता एकसुद्धा पायरी नाही." मी फोन ठेवला, चुलीपुढे बसले, आणि मला तुमचा फिटर आठवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोशेजारी उभी राहिले तर मीच तुमची आई वाटेन. पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं शिकलेली मी तुमची लेक, आजवर कुणाला पत्र म्हणून लिहिलं नाही. तुम्हाला लिहिते. चुकलं तर तुम्ही काही वेलांट्या बघत बसणार नाही.

आपल्या सहकारी साखर कारखान्यात तो कोल्हापूरकडून फिटर म्हणून आला आणि येताना फुटबॉल घेऊन आला. त्यानं वर्कशॉपातली माणसं, दोन-तीन ड्रायव्हर, गोदामाचा हमाल असे गोळा करून संघ उभा केला, आणि बघता बघता रविवारी आसपासच्या वस्त्या मैदानाच्या कडेला लोटायला लागल्या. नियम कुणाच्या बापाला ठाऊक! तुम्ही उसाच्या वजनकाट्यावर कामाला, पण मूळचे तालमीतले. तो गोलाकडे निघाला की तुम्ही कडेनं पळत ओरडायचात, "टाक ढाक! घे त्याला अंगावर!" आणि गोल झाला की खेळ चालू असतानाच फेटा घेऊन आत शिरायचात, कुस्ती मारलेल्या गड्याला बांधतात तसा त्याला बांधायला. पंच शिट्ट्या फुंकून बेजार. फिटर मात्र मान खाली घालून मुकाट बांधून घ्यायचा. दोन्ही संघ आपले कमरेवर हात ठेवून उभे.

मग त्याची चाळिशी आली आणि दुष्काळ आला, दोन्ही हातात हात घालूनच. पालीच्या तलावाचा तळ दिसायला लागला. कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडली नाही, बॉयलर पेटला नाही, आणि जिथे उसाच्या गाड्यांची रांग लागायची तिथे जनावरांची छावणी पडली. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले होते. रविवारचा खेळ तेवढा चालू होता, पण फिटरला चेंडू गाठता येईना. कडेवरून कुणीतरी म्हणालं, "आता बसवा बे ह्याला, म्हातारा झालाय." तुम्ही गरकन वळलात, "तुज्या बापाला बसवलं का रं घरी?" त्यावर सगळे हसले, आणि तो बोलणारा सगळ्यांत मोठ्यानं. अशात बातमी फुटली की कृष्णाकाठच्या एका कारखान्यानं फिटरला बोलावलंय. तो जाईल म्हणून माणसं अशी हवालदिल झाली, जणू घरातली दुभती म्हैस कुणी सोडून नेतंय.

तो आपल्याकडे जेवायला आला होता. माय भाकरी थापतेय, मी वाढतेय. तुम्ही विचारलंत, "जाताय म्हनं?" त्यानं ताटाकडेच बघत सांगितलं, "जमीन लई कडक झालीया, पैलवान. पडलं की गुडघा सोसत न्हाई." तुम्ही आमटी भुरकलीत आणि म्हणालात, "येवढंच ना?"

शनिवारी उजाडायच्या आत तुम्ही त्याच्या नावानं इर्जिक घातलीत. अडलेल्याच्या रानात सगळ्यांनी आपापली बैलं न्यायची, राबायचं आणि बदल्यात फक्त पोटभर जेवायचं, ही आपली जुनी रीत. पण मैदानावर इर्जिक कुणी घातली नसेल! छावणीतली हाडं निघालेली बैलं, दोन लोखंडी नांगर, मागून ढेकळं फोडणारी माणसं. अख्खं मैदान तुम्ही तालमीच्या हौद्यासारखं मऊ केलंत, आणि गोलासमोर, हौद्याच्या मातीत घालतात तशी, मायच्या डब्यातली हळद शिंपडलीत. "अवो, कालवणाला काय घालू मी?" म्हणून ती मागे ओरडतेय. कारखान्याचे शेती अधिकारी धावत आले, "मैदान नांगरलं कुणी?" तुम्ही नांगर न सोडता म्हणालात, "इर्जिक हाय सायेब. येसराची आमटी हाय. जेवून जावा." आणि साहेब जेवले, आबा. दोनदा आमटी घेतली.

रविवारी बीडचा संघ उतरला तो हसायलाच लागला. चेंडू टाकावा तिथे रुतून बसायचा, पळणाऱ्याचे पाय घोट्यापर्यंत आत. फिटर आला, त्यानं वाकून माती हातात घेतली आणि बोटांनी चुरून बघितली. "काय केलंसा हे, पैलवान?" तुम्ही छाती काढून म्हणालात, "आता पडा बिनघोर." शेवटी शेवटी कुणीतरी चेंडू वर उडवला आणि त्या चाळिशीच्या माणसानं, कित्येक वर्षांत घेतला नव्हता असा, आडवा सूर मारला. डोक्यानं चेंडू आत, आणि तोंड हळदीच्या मातीत. तो उठला तेव्हा हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसत होता. तुमच्या हातात फेटा होता, पण बांधायला तुम्हाला डोळे पुसल्याशिवाय दिसेना.

त्याच संध्याकाळी तो घरी आला, उंबऱ्यातच बसला. "पैलवान, गुडघ्याचं खरं न्हवतं. बायकू टँकरमागं पळून दमलीया, दोनदा घागरीसकट पडली. गावाकडं चला म्हनती." तुम्ही म्हणालात, "मंग आदीच कावून न्हाई सांगितलं?" "तुमच्या तोंडाकडं बघून सांगवंना." तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. "आता सांगितलं न्हवं? जावा खुशाल." तो गेला तेव्हा एसटीच्या टपावर त्याच्या ट्रंकेपेक्षा लोकांनी दिलेली बोचकी जास्त होती.

मी चिडले होते. उपाशी बैलं राबवली, हळद घालवली, आणि माणूस गेलाच ना? तुम्ही हसलात. "गुडघ्यापाई कुनी गाव सोडतं का, येडे? मला ठावं हुतं. त्यानं कारन म्होरं केलं, ते आपन काढून टाकलं. खरं बोलून गेलेला मानूस परत येतो. खोटं सांगून गेलेल्याला वाट सापडत न्हाई." आणि तो येत राहिला, आबा. तुमच्या दहाव्यालाही आला, काठी टेकत, खांद्यावर तुमचाच एक फेटा टाकून.

आता पोरगा रविवारी न्यायला येतोय. त्यानं माझा जिना काढून टाकलाय, तुमचाच नातू. त्याच्या आवाजातला आनंद ऐकून माझ्यानंही खरं सांगवलं नाही. इथे सकाळी दार उघडायला जरा उशीर झाला तर चार बायका हाका मारत येतात, हे फोनवर कसं सांगायचं? तो आला की ताट वाढीन आणि मग बघीन, तोंडातून निघतं का. हा कागद घडी करून हळदीच्या डब्याखाली ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार.

परवाच देवीच्या टेकडीच्या सगळ्या पायऱ्या चढून आले. गुडघा तसा बराच आहे, आबा.