काढून ठेवलेले दिवे

११ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची सडक अर्जुनीला. दवनीवाड्याहून गोंदिया, तिथून दुसरी बस. आईने दिलेली चिवड्याची बरणी कोहमाऱ्यापर्यंत अर्धी झाली. बाजूच्या बाईंनाही दिला, त्यामुळे माझी सगळी कुंडली त्यांना सांगावी लागली: नाव रश्मी, आयटीआय झालंय, गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करते, हो, पोरगी असून करते.

दुकान हायवेलाच आहे. मालक हेमेंद्रभाऊ चाळिशीचे, बोलायला गोड, अर्धं मराठी अर्धं हिंदी. म्हणाले, तालुक्यात गाडीखाली घुसणारी पहिली लेडीज तूच. मला गंमत वाटली. एलईडी हेडलाईट बसवण्याचं काम इतकं आहे की एकट्याला उरकत नाही म्हणे.

खोलीही त्यांनीच बघून दिली. घरमालकीण वच्छलाबाई, पन्नाशीच्या, एकट्या राहतात. धानकापणीला जातात, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जंगलात. पोचल्या पोचल्या त्यांनी भात आणि लाखोरीची डाळ वाढली. बाबांना फोन केला. ते लाईनमन होते, त्यांचं एकच सांगणं: कशाचीही भीती वाटली की आधी वायर कुठे सुटली ते बघ.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काम हाताला बसलं. ग्रिल काढायची, बंपरचे स्क्रू ढिले करायचे, कंपनीचा जुना लाईट कपलरमधून सोडवून अख्खा बाहेर काढायचा. नव्या एलईडी असेंब्लीला वेगळा रिले द्यायचा, नाहीतर तो लुकलुकतो. मग गाडी भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी करून फोकस लावायचा. जुना उजेड पिवळा, मऊ. नवा इतका पांढरा की भिंतीचे पोपडेसुद्धा मोजता येतात.

एक पद्धत मात्र विचित्र वाटली. काढलेले लाईट गिऱ्हाईकाला परत द्यायचे किंवा भंगारात टाकायचे, असं सगळीकडे असतं. इथे हेमेंद्रभाऊ ते मागच्या खोलीत नेऊन कुलूप लावतात. विचारलं तर म्हणाले, पुराना माल इधर ही रहेगा, तू टेन्शन नको घेऊ.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज गोपीचंदभाऊ पिकअप घेऊन आले. धानाची पोती वाहतात. गाडी तीन वर्षांची, लाईट चकाचक, काचेवर ओरखडा नाही. मी म्हटलं, हे कशाला बदलता? माणूस बाहेर गेला. काम चालू होतं तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून बसला.

हेमेंद्रभाऊ जेवायला गेले होते. काढलेला लाईट चांगला आहे का बघावं म्हणून मी तो बाकावर ठेवून बॅटरीला जोडला. शटर अर्धं खाली होतं, आत अंधार. भिंतीवर उजेडाचा गोळा पडला आणि त्यात खाली, डाव्या बाजूला, एक सावली. आडवं पडलेलं माणूस. एक हात वर.

वळून पाहिलं तर गोपीचंदभाऊ दारात उभे होते. चेहरा राखेसारखा. गाडीत बसून निघून गेले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आधी वायर बघ. म्हणून बघितलं. तो लाईट परत काढला, काच सोडवली, आरसा स्पिरिटने पुसला, बल्ब बदलला. डाग नाही, मेलेला किडा नाही. जोडला. सावली तशीच. मी लाईट फिरवला की तीही भिंतीवर सरकते, म्हणजे ती दिव्यातच आहे.

हेमेंद्रभाऊंना सांगितलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. आज त्यांनी दोनदा विचारलं, गोपीचंद काही बोलला का.

२५ नोव्हेंबर, सोमवार

वच्छलाबाईंच्या घरात एक बंद पेटी आहे, वर मुलीचा फोटो. आज मी विचारलं. दुर्गा, त्यांची एकुलती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला मैत्रिणींसोबत गेली होती, नाटक पाहायला. आईला ताप होता म्हणून नाटक सुरू व्हायच्या आत एकटीच निघाली. घरी पोचली नाही. लोक म्हणाले, कोणाबरोबर तरी पळाली. लाजेने बाईंनी तक्रारही केली नाही.

हेमेंद्रभाऊ मात्र तेव्हापासून दर महिन्याला तांदूळ पाठवतात, देवमाणूस आहे, असं त्या म्हणाल्या. मी ताटातल्या भाताकडे बघत राहिले. देवमाणसं असतात. पण त्यांचं घर जवळ नाही, नातं नाही. मग तांदूळ कशासाठी?

२८ नोव्हेंबर, गुरुवार

हेमेंद्रभाऊ माल आणायला नागपूरला गेले. मागच्या खोलीची किल्ली गल्ल्याच्या खणात होती. आत फळ्यांवर लाईटच लाईट, प्रत्येकावर खडूने गाडीचा नंबर.

सहा तपासले. दोन साफ निघाले. चारांत तीच सावली.

एकात ती रस्त्याकडेला चालते आहे, पाठमोरी, डावा खांदा उतरलेला. बाकी तिन्हींत पडलेली. कुठे जवळ, कुठे लांब, कुठे हात वर, कुठे हात खाली. चार गाड्या चार वेळा तिच्या अंगावर उजेड टाकून पुढे गेल्या असाव्यात, तसं.

कुलूप लावलं, किल्ली जागेवर ठेवली. खणात ती उजवीकडे होती की डावीकडे?

३० नोव्हेंबर, शनिवार

गोपीचंदभाऊंना धान खरेदी केंद्रावर गाठलं. आधी त्यांनी मला उडवून लावलं. मग पोत्यावर बसले आणि बोलायला लागले ते थांबेनात.

मंडईच्या त्या रात्री नाल्याजवळच्या वळणावर बाई पडलेली दिसली. बाजूला हेमेंद्रभाऊंची जीप. हेमेंद्रभाऊंनीच हात हलवून सांगितलं, मी दवाखान्यात नेतो, तू जा.

"मले वाटलं, बरं झालं, मालक हाये," ते म्हणाले. "मी उतरलोच नाही ना बाई. काच बी खाली नाही केली."

आठवड्याने दुर्गा हरवल्याची कुजबुज झाली तेव्हा त्यांना कळलं. हेमेंद्रभाऊ म्हणाले, ती वेगळी होती, कोणी वेडी, उठून निघून गेली. मागून आलेल्या आणखी दोघांनाही तेच सांगितलं होतं; एकाने तर त्याआधी तिला चालताना पाहिलं होतं. सगळे गप्प बसले. मग प्रत्येकाला त्या वळणावर आपापल्या लाईटात ती दिसायला लागली. उपाय हेमेंद्रभाऊंनीच सुचवला: पांढरे लाईट लाव, पांढऱ्यात दिसत नाही. जुने माझ्याकडे दे. भंगारात गेले तर कोणी तरी पुन्हा लावणारच.

मी विचारलं, ठाण्यात येऊन हे सांगाल का? ते पोत्याची सुतळी उसवत राहिले. मग हो म्हणाले. डोळे मात्र माझ्याकडे नव्हते.

२ डिसेंबर, सोमवार

मागच्या खोलीला नवं कुलूप. किल्ली खणात नाही.

हेमेंद्रभाऊ आज फार गोड बोलले. खोली आवडली का, बाई जेवायला काय देतात, काय काय बोलतात. मग म्हणाले, पगार घे आणि हवं तर घरी जाऊन ये, दवनीवाडा काही लांब नाही. मी म्हटलं, काम संपवून जाते. ते हसले. त्यांची जीप दारातच उभी होती. दुकानातले सर्वात भारी एलईडी तिलाच आहेत. तिचे जुने कुठे आहेत?

४ डिसेंबर, बुधवार

ते गोंदियाला लग्नाला गेले. कुलूप नवं, पण कडीचे स्क्रू जुनेच. पाच मिनिटांत निघाले.

सर्वात मागे, पोत्यात गुंडाळलेला एकच लाईट. काच तडकलेली, ब्रॅकेट आत दबलेला. नंबर त्यांच्या जीपचा.

जोडला. भिंत भरून ती. अगदी समोर. दोन्ही हात चेहऱ्यापुढे.

मी वच्छलाबाईंना जाऊन घेऊन आले. सरळ दिवाच लावला. त्या भिंतीजवळ गेल्या. त्यांची सावली तिच्या सावलीत मिसळली. सावलीच्या उतरलेल्या खांद्यावरून हात फिरवला.

"माही दुर्गी होय हे," त्या म्हणाल्या. "लहानपणी मोहाच्या झाडावरून पडलती. खांदा तवापासून असाच." मग माझ्याकडे वळून, "अन् मी त्याचे तांदूळ शिजवून खाल्ले ना वं."

रडल्या नाहीत. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ डिसेंबर, गुरुवार, सकाळ

गोपीचंदभाऊंना फोन केला. संध्याकाळी साडेपाचला दुकानात येतो म्हणाले. पिकअपमधून लाईट घेऊन सरळ ठाण्यात जायचं. हेमेंद्रभाऊ उद्या परतणार.

"दुकानातच राहा, बाहेर नका निघू," असं का म्हणाले ते?

संध्याकाळ, पावणेसहा

गोपीचंदभाऊ नाहीत. फोन बंद. बाहेर अंधार पडला. शटर आतून ओढून घेतलं. वच्छलाबाई सोबत आहेत, बाकावर, दिव्यासमोर. मी लिहीत बसले आहे, हाताला काहीतरी हवं म्हणून.

ठाण्यात फोन लावला. माणूस पाठवतो म्हणाले. नाव, पत्ता, सगळं सांगितलं. बाबांनाही सांगितलं.

सहा

बाई म्हणतात, एकदा लाव, पाहू दे तिले. नको म्हटलं. मग लावला. आईला नाही कसं म्हणू.

ती आहे. हात चेहऱ्यापुढे.

सहा दहा

गाडी थांबली. पिकअप नाही. जीपचा आवाज ओळखते मी, गेल्या आठवड्यात सायलेन्सर मीच –

हेमेंद्रभाऊ. उद्या येणार होते. म्हणजे गोपीचंदने –

हाक मारतायत. रश्मी, शटर उघड. गोडच आवाज. बाईंनाही हाक मारतायत, वहिनी म्हणून. बाई भिंतीकडे बघतायत. मीही –

हात खाली आलेत. सावलीचे. चेहऱ्यापुढून खाली.

सहा तेरा

शटरवर लोखंडी काहीतरी मारतायत. पट्टी वाकतेय. मी पान्हा घेऊन शटरला पाठ लावून बसले आहे, वही गुडघ्यावर. ठाण्याचे कुठे –

दिवा चालू आहे. बॅटरी पूर्ण आहे. वायर सुटलेली नाही, बघितलं.

भिंत रिकामी.

बाई उभ्या राहिल्या. म्हणतात, गेली ना वं. बाहेर गेली.

ठोकणं थांबलं.

शटरखालच्या फटीतून जीपचा पांढरा उजेड आत येतोय. पांढऱ्यात ती दिसत नाही असं सगळे – फटीत हेमेंद्रभाऊंच्या पावलांची सावली, दोन पावलं. मागे सरकतायत. जीपकडे. आणि त्यांच्या मागे, जीप आणि त्यांच्या मध्ये, आणखी दोन. अनवाणी. ते म्हणतायत, मी दवाखान्यात नेणार होतो, दुर्गा, मी खरंच नेणा –