मोठं कॅबिनेट घे

वेदिका,

ड्यूटीवर निघालोय, तुला उठवलं नाही. आज आईबरोबर अलीगंजच्या दुकानात जा. नव्या मदरबोर्डला आपली जुनी रॅम चालत नाही, तेव्हा तीही नवीच घे. ग्राफिक्स कार्ड मात्र तू निवडलेलंच घे. छोट्या कॅबिनेटमध्ये ते मावणार नाही, म्हणून मोठं कॅबिनेट घे. हो, मीच सांगतोय. काल ह्यावरूनच तुझ्यावर ओरडलो. आपल्या घरात प्रत्येक वस्तू बदलीच्या काळ्या पेटीत बसेल का, हे बघूनच येते ना!

पण पोस्टिंगची ऑर्डर आलीय. आईशी बोललोय. तुझं बारावीचं वर्ष, तुम्ही दोघी लखनौलाच राहा. या वेळी पेटी माझ्या एकट्याचीच भरायची आहे.

बाबा