तुटलं कुठं, जुळलं कुठं

बाई, उद्या सकाळी तुमच्या शाळेत मला तुम्ही लिहिलेलं एक पान वाचून दाखवायचं आहे, आणि आज दुपारपासून माझं गॅरेजमध्ये लक्ष नाही. हसू नका. तळोद्यात माझं गॅरेज आहे. धडगावचा घाट चढणाऱ्या निम्म्या जिपा माझ्या हाताखालून जातात. भल्या भल्या गाडीमालकांना मी तोंडावर सांगतो, शेठ, गाडी चांगली आहे, चालवणारा बिघडलाय. पण शाळेच्या हॉलमध्ये, पहिल्या खुर्चीवर तुमची धाकटी बहीण बसलेली असताना, तुमच्या अक्षरातली प्रार्थना वाचायची म्हटलं की पान पुन्हा पुन्हा उघडून बघतो. गॅरेजमागच्या पत्र्याच्या खोलीत दार लोटून चार वेळा वाचून पाहिली. चारही वेळा एकाच ठिकाणी तुटली. पाचव्यांदा वाचत होतो, तर बायको डबा घेऊन दारात उभी. "कोणशी बोली ऱ्हायनात?" म्हणाली. म्हटलं, कोणाशी नाही, वाचतोय. "मंग एवढं ओरडीसन काब्र? देव काय बहिरा शे का?" डबा टेबलावर ठेवून ती गेली. बाई, तिला काही ठाऊक नाही. पण तिनं नेमकं बोट कशावर ठेवलं ते तुम्हाला कळेल, म्हणून डबा तसाच ठेवून हे लिहायला बसलो.

झालं असं की शाळेनं वाचनाची नवी खोली बांधली आणि तिला तुमचं नाव द्यायचं ठरवलं. महिन्यापूर्वी तुमच्या बहिणीचा नवापूरहून फोन आला. आवाज थेट तुमचा, फक्त थोडा थकलेला. म्हणाल्या, "भाऊ, ताईच्या पेटीत तिची वही सापडली. सकाळच्या उपासनेच्या प्रार्थना आहेत. त्यातली एक उद्घाटनाला वाचायची. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात मी वाचतो, पण मी सांगितलं, नाही, तो घोडेवाल्याचा मुलगा वाचेल. ताई म्हणायची, माझ्या वर्गात खरं ऐकणारा एकच होता." मी फुशारलो, हो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "एक विचारू? तिनं एका ओळीपुढे पेन्सिलीनं टिंब दिलंय. सगळ्या वहीत तेवढंच एक. कशाचं असेल?" मी म्हणालो, कुणास ठाऊक, ताई, पेन्सिल टेकली असेल. आठवड्यानं एका जीपवाल्याच्या हातून वही आली. पान उघडलं आणि टिंबाची ओळ ओळखली. कशाचं टिंब ते माझ्याइतकं आता कोणालाच माहीत नाही.

तुमचा शुक्रवारचा तास. सगळी पुस्तकं मिटून बाकाखाली. एकजण उभा राहून इंग्रजी धडा वाचणार आणि एकजण वर्गाबाहेर, खिडकीखाली, भिंतीला टेकून ऐकणार. त्याला पान दिसत नाही, वाचणाऱ्याचं तोंड दिसत नाही. वाचून झालं की तुम्ही खिडकीतून डोकं काढून दोन प्रश्न विचारायच्या. तुटलं कुठं? जुळलं कुठं? चुकला कुठं असं कधी विचारलं नाही. चुका उच्चारात असतात, त्या मी काढीन, म्हणायच्या. अर्थ न कळता तोंड नुसतं पुढे गेलं, ती जागा सांग. आणि मग पुन्हा जीव आला, तीही सांग. दोन्ही सांगितल्याशिवाय आत यायला परवानगी नाही. मग तुम्ही पुस्तकात तुटलेल्या ओळीपुढे टिंब द्यायच्या आणि जुळलेल्या ओळीखाली बारीक रेघ. वर्गातली बाकीची पोरं त्या खिडकीला घाबरायची. मला मात्र तिथं घरच्यासारखं वाटायचं. माझा बाप सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांना नाल ठोकायचा. घोडा अजून वळणाच्या पलीकडे असायचा आणि तो सांगायचा, उजवा पाय धरतोय. "आधी कानले समजस, मंग डोयाले," म्हणायचा. टापांचं वाक्यांना लागू पडलं, इतकंच. जीव कुठे जातो ते मला इंग्रजी धड यायच्या आधी ऐकू यायला लागलं. तुम्ही मला आठवड्याआड खिडकीखाली उभं करायला लागलात आणि वसतिगृहात माझी कॉलर ताठ झाली.

तुम्ही वाचायच्या तेव्हा खिडकीखाली उभं राहण्यात अर्थ नसायचा. काही तुटायचंच नाही. नदीवरची ती कविता वाचताना तुम्ही शेवटच्या कडव्याआधी थांबता, चष्मा काढता, पदराच्या टोकानं पुसता, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजतं, "बाईंची नदी आली." तुम्ही ऐकता आणि तुम्हीच पहिल्यांदा हसता. एकदा मी विचारलं होतं, बाई, तुम्ही रविवारी चर्चमध्ये जाता, रोज उपासना घेता, मग या गोष्टी-कवितांवर एवढा जीव कशाला? तुम्ही म्हणालात, "अरे, देव कुठली भाषा बोलतो मला माहीत नाही. पण एखादं वाक्य नीट उभं राहिलं ना, की तो याच आवारात आहे असं वाटतं." मी म्हणालो, आणि मोडकं वाक्य असलं तर? "तर तो खिडकीबाहेर उभा असतो, तुझ्यासारखा. ऐकत."

मग तो सोमवार. मी दहावीत. तुमच्या आई गेल्या त्याला आठ-नऊ दिवस झालेले. दोन महिने त्या दवाखान्यात होत्या आणि दोन महिने रोज सकाळी तुम्ही आमच्याकडून त्यांच्यासाठी प्रार्थना करून घेतलेली. तुम्ही परत आलात, पांढरी साडी, हातात तीच वही. सगळी शाळा डोळे मिटून उभी. मी उशिरा आलो म्हणून हॉलच्या बाहेर, खिडकीखाली. तुम्ही वाचता. 'प्रभू, तू आमचं ऐकतोस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो.' आणि बाई, तिथं तुटलं. शब्द सगळे होते, आवाजही होता, पण रिकामी बैलगाडी वाजते तसं वाजलं. कोणाला कळलं नसेल. मला कळलं. माझ्या अंगावर काटा आला आणि, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. बाईंचं तुटलं आणि ते मी पकडलं.

मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीच्या दारात गेलो. तुम्ही वह्या तपासत होता. शेजारी गणिताचे सर भेळ खात होते. मी म्हणालो, "बाई, आज सकाळी एका ठिकाणी तुटलं." सरांचा हात कागदावरच राहिला. तुम्ही लाल पेनाचं टोपण लावलंत. शांतपणे विचारलंत, "कुठं?" मी म्हणालो, तू ऐकतोस, तिथं. सर उठले. "ए शहाण्या! कोणाला काय बोलतोस, अक्कल आहे का?" तुम्ही हातानंच त्यांना बसवलंत. तुम्ही मला रागावाल म्हणून मी वाट बघत होतो. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "बरोबर ऐकलंस." मग खिडकीतून विचारायच्या त्याच आवाजात, "आणि जुळलं कुठं?"

बाई, मी म्हणालो, "जुळलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून उपासना गणिताचे सर घेऊ लागले. तुम्ही मागे उभ्या राहायच्या, हात बांधून. माझी शाळा सुटेपर्यंत तुम्ही पुढे उभं राहून प्रार्थना वाचलेली मी ऐकली नाही. माझ्यामुळे की आईमुळे, हे मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. शुक्रवारचा तास तसाच चालला. दहावीच्या निरोपाला तुम्ही मला गोष्टींचं इंग्रजी पुस्तक दिलंत आणि पहिल्या पानावर लिहिलंत, कान शाबूत ठेव. शाबूत ठेवले. त्याच इंग्रजीवर गाड्यांची जाडजूड माहितीपुस्तकं वाचली. बाकीचे मिस्त्री चित्रं बघायचे, मी वाक्यं वाचायचो. घाटातून उतरणारी जीप दोन वळणं वर असते तेव्हाच मी पोरांना सांगतो, पाना काढून ठेवा रे. लोक म्हणतात, शेठच्या कानात यंत्र आहे. मी हसतो. तुम्ही गेलात तेव्हा मी सुरतेला इंजिन आणायला गेलेलो, मातीला पोचलो नाही. पोचू शकलो असतो.

आता मुद्द्यावर येतो, बाई. तुम्ही म्हणायच्या, फार फेरे घेतोस. वही समोर आहे. 'ऐकतोस'च्या पुढे तुमचं टिंब आहे. मी सांगितलं आणि तुम्ही त्याच दिवशी, माझ्यासारख्या पोराच्या सांगण्यावरून, स्वतःच्या प्रार्थनेला टिंब दिलंत. त्याखाली रेघ कुठंच नाही. पान पुढे चालू आहे. आई नसलेल्या पोरांसाठी आहे, वसतिगृहात तापानं पडलेल्या तिघांसाठी आहे, त्यांची नावं आहेत. ती नावं तुम्ही वाचलीत तेव्हाचा आवाज मला आजही येतो. तिसऱ्या नावाशी भरून आला होता. मोडलेलं सगळं तिथं जाग्यावर बसलं होतं, आईचं दुःख, देव, आम्ही, सगळं. मी खिडकीखाली डोळे पुसले होते. ते मी ऐकलं होतं. मधल्या सुट्टीत तुमच्या समोर उभं राहिलो तेव्हाही कानात होतं. पण ते सांगितलं असतं तर माझं पकडलेलं निम्मं झालं असतं. सर बघत होते. मला त्या दिवशी मोठं व्हायचं होतं.

उद्या तुमची बहीण समोर असेल. वाचून झाल्यावर त्या पुन्हा टिंबाचं विचारतील, मला त्यांचा आवाज आत्ताच ऐकू येतोय. त्यांना सांगितलं तर ऐंशीच्या घरातल्या बाईला कळेल की तिची ताई वर्षानुवर्षं एका पोराच्या अर्ध्या उत्तरावर जगली. न सांगितलं तर मी वाचताना 'ऐकतोस'ला पुन्हा तुटणार, आणि हॉलबाहेर कोणी चांगल्या कानाचं उभं असलं तर त्याला कळणार. आत्ताच सहाव्यांदा वाचली. तुटलीच.

डबा गार झालाय. बाहेर धडगावची जीप येऊन उभी आहे, इंजिन अडखळतंय, दुसरा सिलिंडर मारत नाहीये, कोणी जाऊन बघत का नाही कळत नाही. हे पत्र वहीत ठेवणार नाही. बहिणीच्या हाती लागेल. पेन्सिल माझ्या कानावर नेहमी असते, ती मघाशी काढली, तिसऱ्या नावाखाली टेकवली. पुन्हा कानावर ठेवली. रेघ ओढली नाही, बाई. तुम्ही विचारलं होतंत तेव्हा ओढायची होती.